पाय : नाहीत

बेटाचं नाव आवाजी,
आणि या खोलीत आवाज तेवढा नाही.
ओलावा शोषणारं यंत्र रात्रंदिवस घरघरतं,
त्यालाच आम्ही शांतता म्हणतो.

खोकी एकशे बारा ते एकशे चाळीस :
बाहुल्यांची डोकी. एका खोक्यात एक,
डोळे मिटवायची दोरी सैल सोडून.
व्हेलच्या जबड्यातली पट्टी अजून ताठ आहे;
चुकून धक्का लागला तर भुवई वर जाते,
जसं काही आपणच उशिरा आलो.
वस्त्रं वेगळ्या कपाटात, आडवी,
घड्यांमध्ये कागदाच्या सुरळ्या.
डोकं आणि वस्त्र एकत्र ठेवू नये, असा नियम आहे.
नियमावलीतली अर्धी पानं माझीच.

आज मिहारा तोकुइची आले. वय ब्याऐंशी.
कांद्याच्या वाफ्यातून उठून तसेच बसमध्ये बसलेले,
नखांत माती.
मी डोक्याचा फोटो पुढे सरकवला :
ही कोण? नाटक कोणतं? साल आठवतं?
त्यांनी चष्मा पुसला. परत पुसला.
"हिचा चेहरा मी कधी पाहिलाच नाही, पोरी.
अकरा वर्षं हिच्या पायाशी होतो.
एकाकडे डोकं नि उजवा हात, एकाकडे डावा,
मी खाली, वाकून, काळ्या कापडात.
मला दिसायची ती त्या दोघांची कंबर."

माझ्या तक्त्यात एक रकाना आहे : पाय.
स्त्री-पात्रांपुढे तिथं आम्ही लिहितो, नाहीत.
बाईच्या बाहुलीला इथं पाय करत नाहीत,
किमोनोचा घेर पुरतो,
असं मी शाळेच्या सहलींना सांगत आले.

"वस्त्र काढ," म्हणाले.
जांभळं, खाली लाटांचं काम.
त्यांनी वरून पाहिलंसुद्धा नाही,
बैलाचे दात पाहावेत तशी सरळ कड उलटली.
"हा टाका वहिनीचा. डावखुरी होती."
मग हातमोजे काढून ठेवले.
मी काही बोलले नाही.
"खांदे धर. उंच. अजून उंच."

मी धरले.
खाली ते गुडघ्यांत मोडले,
दोन मुठी कडेच्या आत गेल्या,
आणि कोणीतरी चालायला लागलं.

डोकं नव्हतं, बाह्या रिकाम्या लोंबत होत्या.
पण ती घाईत होती, आणि घाई लपवत होती,
हे मला मनगटात कळलं.
मी तिला नेत नव्हते;
खालून कोणी मला नेत होतं,
कपाटाशी, परत टेबलाशी,
त्यांचा मोज्यातला पाय फरशीवर आपटला
आणि ती थबकली,
एक मूठ जराशी पुढे आली,
गुडघा झाला.
बसली.
मीही बसले, न सांगता.

"कुठं निघायची ही?"
"नवऱ्याला शोधायला. सापडायचा तिसऱ्या अंकात.
तोवर माझी पाठ गेलेली असायची."
हसले. उठायला टेबलाचा आधार घेतला.

कॅमेरा तिवईवर होता. झाकण लावलेलाच.

चार-वीसची बस होती त्यांची.
जाताना दोन कांदे ठेवून गेले टेबलावर,
जिथं खायची वस्तू आणायला मनाई आहे.

संध्याकाळी तक्ता पुरा केला.
पात्र : अज्ञात.
पाय : नाहीत. हे तसंच ठेवलं, खोटं नाही ते.
फक्त "अवस्था" पुढे लिहिलं :
कडेच्या आत, वीतभर अंतरानं,
मुठीएवढ्या दोन जागा. कापड झिजून मऊ.
डाग जुने, घामाचे.
धुऊ नये.
रफू करू नये.